विश्लेषण : लोकसभेला सामोरे न गेलेले पंतप्रधान… चौधरी चरणसिंह यांचे सरकार २३ दिवसांत का कोसळले?

२० ऑगस्ट १९७९. दिल्लीत लोकसभेचे अधिवेशन सुरू होणार होते. नव्या पंतप्रधानांना त्या दिवशी विश्वासदर्शक ठराव मांडायचा होता. पण पंतप्रधान सभागृहात गेलेच नाहीत. ते राष्ट्रपती भवनात गेले आणि राजीनामा देऊन परतले. शपथविधीला तोवर जेमतेम २३ दिवस झाले होते.

हे पंतप्रधान म्हणजे चौधरी चरणसिंह. काळजीवाहू काळ धरला तरी त्यांची कारकीर्द साडेपाच महिन्यांच्या पुढे जात नाही. पंतप्रधानपदी असताना लोकसभेला एकदाही सामोरे न गेलेला नेता, अशीच त्यांची नोंद सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आढळते. नोंद खरी आहे. पण ती वाचून चरणसिंह कोण होते ते कळत नाही आणि त्या ऑगस्टमध्ये नेमके काय घडले, तेही कळत नाही. त्या घडामोडींत महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण अगदी मध्यभागी होते.

कुळाच्या घरातला मुलगा

चरणसिंह यांचा जन्म २३ डिसेंबर १९०२ रोजी तेव्हाच्या मेरठ जिल्ह्यातील नूरपूर गावी झाला. घर जाट शेतकऱ्याचे. वडील मीरसिंह जमीनदाराची जमीन कसणारे कूळ होते. आग्रा कॉलेजातून विज्ञानाची पदवी, मग इतिहासात एमए, त्यानंतर कायद्याचे शिक्षण असा त्यांचा प्रवास झाला. गाझियाबादला त्यांनी वकिली सुरू केली. आर्य समाजाचा आणि महात्मा गांधींचा प्रभाव त्यांच्यावर कायम राहिला. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात, १९४०च्या वैयक्तिक सत्याग्रहात आणि १९४२च्या आंदोलनात असे तीनदा ते तुरुंगात गेले.

१९३७ साली छपरौली मतदारसंघातून ते संयुक्त प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले. पुढे चाळीस वर्षे छपरौलीने त्यांना सोडले नाही. आमदार होताच त्यांनी हाती घेतलेले विषय पाहण्यासारखे आहेत: शेतमालाच्या बाजारातील व्यापाऱ्यांची लूट रोखणारे विधेयक, शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीचा कायदा, सरकारी नोकऱ्यांत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी निम्म्या जागा. शेवटची मागणी त्यांच्याच पक्षाला पचली नाही. मात्र शेतकरी हा केवळ मतदार नसून राज्यकारभारात हिस्सा असलेला वर्ग आहे, ही मांडणी त्यांनी तेव्हा केली आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

जमीनदारी कशी संपली?

चरणसिंह यांचे सर्वांत मोठे काम दिल्लीत नव्हे, लखनऊत झाले. गोविंद वल्लभ पंत यांच्या सरकारात आधी संसदीय सचिव आणि मग महसूलमंत्री म्हणून उत्तर प्रदेशच्या जमीनदारी निर्मूलन कायद्याची घडण प्रामुख्याने त्यांच्या हातून झाली. १ जुलै १९५२ पासून हा कायदा अमलात आला. सारा गोळा करणारा मधला जमीनदार त्यामुळे हटला. खंडाच्या दहापट रक्कम भरणाऱ्या कुळाला ‘भूमिधर’ म्हणून पक्का हक्क मिळाला.

यातली मेख महाराष्ट्रातल्या वाचकाला चटकन कळेल. आपल्याकडच्या १९४८च्या कुळकायद्यात जमीनमालकाला ‘स्वतः कसण्यासाठी’ कुळाकडून जमीन परत मागण्याची वाट ठेवलेली होती. त्या वाटेने किती कुळांची जमीन गेली, याच्या कहाण्या गावोगाव ऐकू येतात. चरणसिंह यांचा भर नेमकी ही पळवाट बंद ठेवण्यावर होता. जमीनदाराला एकदा आत शिरू दिले की कायदा कागदावरच राहील, असे त्यांचे म्हणणे होते.

१९५३ साली पटवाऱ्यांनी, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्यांनी, पगारवाढीसाठी एकगठ्ठा राजीनामे दिले. कारभार ठप्प होईल आणि सरकार नमते घेईल, असा त्यांचा हिशेब होता. महसूलमंत्र्यांनी हजारो राजीनामे सरळ मंजूर केले आणि ‘लेखपाल’ नावाची नवी यंत्रणा उभी केली. गावाच्या कागदपत्रांवर पिढ्यान्‌पिढ्या मांड ठोकून बसलेली एक सत्ता त्यामुळे मोडली. त्याच वर्षी जमिनींच्या एकत्रीकरणाचा कायदाही आला.

या सुधारणांची दुसरी बाजूही आहे. त्यांचा लाभ मुख्यतः कसणाऱ्या, बैलजोडी बाळगून असलेल्या मध्यम शेतकऱ्याला झाला. भूमिहीन शेतमजुराच्या, म्हणजे बहुतांशी दलितांच्या, वाट्याला फारसे काही आले नाही. चरणसिंह यांचे राजकारण ज्या जाट, यादव, कुर्मी, गुजर शेतकऱ्यांवर उभे राहिले, ते याच सुधारणांतून वर आलेले होते. त्यामुळे त्यांना ‘कुलकांचा नेता’ म्हणणारे टीकाकारही पुष्कळ होते. दुसरीकडे, राजपत्रित नोकरीसाठी आंतरजातीय विवाहाची अट घाला, असे पंतप्रधान नेहरूंना १९५४ मध्ये लिहून सुचवणारे चरणसिंहच होते. नेहरूंनी ते मानले नाही.

नागपूरला काय घडले?

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला भरले. नेहरूंच्या आग्रहाने तेथे सहकारी शेतीचा ठराव आला. शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनी एकत्र करून सामुदायिक शेती करावी, असा त्याचा रोख होता. नेहरूंचा शब्द तेव्हा पक्षात अखेरचा मानला जाई. भर अधिवेशनात त्या ठरावाविरुद्ध उभे राहिले ते उत्तर प्रदेशचे महसूलमंत्री.

त्यांचा युक्तिवाद भावनिक नव्हता. भारतात जमीन कमी आणि माणसे जास्त आहेत, तेव्हा दर एकरी उत्पादन वाढवणे महत्त्वाचे आहे आणि ते स्वतःच्या तुकड्यावर राबणारा शेतकरीच वाढवतो, असे ते आकडेवारीने मांडत. ठराव मंजूर झाला. तीन महिन्यांत चरणसिंह उत्तर प्रदेश मंत्रिमंडळाबाहेर होते. त्याच वर्षी सामुदायिक शेतीची चिरफाड करणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक मुंबईच्या भारतीय विद्या भवनने प्रसिद्ध केले. सहकारी शेतीचा तो ठराव पुढे प्रत्यक्षात कुठेच नीट उतरला नाही. नागपूरमध्ये चरणसिंह मतदानात हरले, पण वाद त्यांनी जिंकला, असे आज म्हणता येते.

पंतप्रधान झालेल्या मोजक्याच नेत्यांनी अर्थकारणावर इतके सलग लिहिले आहे. साधी खादी, गांधी टोपी आणि खेडवळ बोली यांमुळे दिल्लीच्या इंग्रजी वर्तुळाने त्यांना कायम अडाणी समजले. अमेरिकी अभ्यासक पॉल ब्रास यांनी पुढे त्यांच्यावर तीन खंडांचे चरित्र लिहिले, तेव्हा त्यांच्यातल्या विचारवंताकडे जरा लक्ष गेले.

पक्ष सोडण्याची सवय कुठून लागली?

१९६७च्या निवडणुकीनंतर उत्तर प्रदेशात चंद्रभानू गुप्ता यांचे काँग्रेस सरकार आले. तीन आठवड्यांच्या आत, १ एप्रिल रोजी, चरणसिंह १६ आमदारांसह बाहेर पडले आणि सरकार पडले. दोन दिवसांनी ते स्वतः मुख्यमंत्री झाले. उत्तर प्रदेशचे हे पहिले बिगरकाँग्रेस सरकार. जनसंघापासून कम्युनिस्टांपर्यंत सगळे त्यात होते आणि म्हणूनच ते वर्षभरही टिकले नाही.

फेब्रुवारी १९७० मध्ये ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले, ते इंदिरा गांधींच्या काँग्रेसच्या पाठिंब्यावर. काही महिन्यांतच तो पाठिंबा गेला आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपती राजवट लागू झाली. राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी तेव्हा सोव्हिएत दौऱ्यावर होते. त्यांनी तिथूनच आदेशावर सही केली. इंदिरा गांधींचा पाठिंबा म्हणजे काय, याचा धडा चरणसिंह यांना नऊ वर्षे आधीच मिळाला होता. तरीही १९७९ मध्ये ते त्याच वाटेने गेले, हे कोडे मात्र सुटत नाही.

गृहमंत्री म्हणून त्यांचे काय चुकले?

आणीबाणीत चरणसिंह यांना पहिल्याच रात्री अटक झाली. मार्च १९७६ मध्ये ते सुटले. विरोधकांनी एकच पक्ष काढावा, यासाठी त्यांनी मग सगळ्यांत जास्त धडपड केली. १९७७च्या निवडणुकीत उत्तर भारतात जनता पक्षाचे चिन्ह होते चक्रातील नांगरधारी शेतकरी. ते मुळात त्यांच्या भारतीय लोकदलाचे. जनता पक्षाच्या विजयाचा उत्तरेतला मोठा वाटा आपला, असे चरणसिंह यांना वाटत असेल तर ते अगदीच चूक नव्हते. पण पंतप्रधानपद मोरारजी देसाई यांच्याकडे गेले. जगजीवन राम होऊ नयेत म्हणून चरणसिंह यांनीच मोरारजींच्या बाजूने वजन टाकले होते. मनातली इच्छा मात्र तशीच राहिली.

गृहमंत्री होताच त्यांनी नऊ राज्यांतील काँग्रेस सरकारांना विधानसभा विसर्जित करायला सांगितले. लोकसभेत लोकांनी काँग्रेस नाकारली, तेव्हा राज्यांतही तिला नैतिक अधिकार नाही, हा त्यामागचा तर्क. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला आणि ती सरकारे गेली. तीन वर्षांनी इंदिरा गांधींनी हाच तर्क उलटा वापरला. फेब्रुवारी १९८० मध्ये नऊ राज्य सरकारे बरखास्त झाली, त्यात महाराष्ट्रातील शरद पवार यांचे पुलोद सरकारही होते.

दुसरी चूक त्याहून महागात पडली. ३ ऑक्टोबर १९७७ रोजी इंदिरा गांधींना अटक झाली. प्रकरण इतके ढिसाळ होते की दुसऱ्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी त्यांची सुटका केली. निवडणूक हरून एकाकी पडलेल्या इंदिरा गांधींना त्या एका रात्रीने पुन्हा लोकांसमोर उभे केले.

पुढे चरणसिंह आणि मोरारजी यांचे बिनसतच गेले. इंदिरा गांधींवरील कारवाईतील दिरंगाई आणि मोरारजींच्या मुलावरील आरोपांची चौकशी, अशा दोन मुद्द्यांवर गृहमंत्री उघड बोलू लागले. जून १९७८च्या अखेरीस त्यांना आणि राजनारायण यांना मंत्रिमंडळाबाहेर काढण्यात आले. २३ डिसेंबरला, ७६व्या वाढदिवशी, चरणसिंह यांनी दिल्लीत बोट क्लबवर शेतकऱ्यांचा प्रचंड मेळावा भरवून आपली ताकद दाखवली. महिन्याभरात, जानेवारी १९७९ मध्ये, ते उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री म्हणून परतले. त्यांच्या एकमेव अर्थसंकल्पात खतांवरचा कर उतरला आणि शहरी ग्राहकांच्या वापराच्या अनेक वस्तूंवरचा वाढला. शहरांतून ओरड झाली. ती होणार हे त्यांना ठाऊक होते.

जुलै १९७९ : यशवंतरावांचा ठराव आणि पुढे…

जनता पक्षात तोवर ‘दुहेरी सदस्यत्वा’चा वाद पेटला होता. जनसंघातून आलेल्या नेत्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी नाते ठेवावे की नाही, हा प्रश्न मधू लिमये यांच्यासारखे समाजवादी लावून धरत होते. राजनारायण यांनी वेगळा गट काढला. लोकसभेतील विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी मोरारजी सरकारवर अविश्वास ठराव आणला. तो संमत होईल, असे सुरुवातीला कुणालाच वाटत नव्हते. पण रोज खासदार फुटू लागले. जॉर्ज फर्नांडिस यांनी लोकसभेत सरकारची जोरदार बाजू मांडली आणि लगोलग तेही सरकारातून बाहेर पडले. १५ जुलै रोजी, मतदानाआधीच, मोरारजींनी राजीनामा दिला.

राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी आधी बोलावले ते यशवंतरावांना. सरकार बनवता येते का, पाहा, असे सांगितले. एक मराठी माणूस पंतप्रधानपदाच्या इतक्या जवळ त्याआधी कधी गेला नव्हता. चार दिवसांत संख्या जुळली नाही आणि यशवंतरावांनी आपले वजन चरणसिंह यांच्या पारड्यात टाकले.

मग राष्ट्रपतींनी एक नवा प्रकार केला. मोरारजी आणि चरणसिंह या दोघांकडून समर्थक खासदारांच्या याद्या मागवल्या आणि त्या तपासून पाहिल्या. मोरारजींच्या यादीत २३८ नावे होती, चरणसिंह यांच्या यादीत २६२. मोरारजींच्या यादीतील काही खासदारांनी आपला पाठिंबा नसल्याचे सांगितले आणि त्यांची मोठीच नामुष्की झाली. चरणसिंह यांच्या आकड्यात इंदिरा काँग्रेसचे सत्तरच्या आसपास खासदार होते. ते बाहेरून पाठिंबा देणार होते.

२८ जुलै रोजी शपथविधी झाला. यशवंतराव उपपंतप्रधान आणि गृहमंत्री झाले. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लोकसभेचा विश्वास मिळवा, अशी राष्ट्रपतींची सूचना होती. १५ ऑगस्टला चरणसिंह यांनी लाल किल्ल्यावरून भाषण केले. संसदेत एकदाही बहुमत सिद्ध न करता तिरंगा फडकवणारा हा शेतकऱ्याचा मुलगा तेव्हा ७६ वर्षांचा होता.

पाठिंबा का काढला?

आणीबाणीतील गैरप्रकारांच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालयांचा कायदा जनता सरकारने केला होता. इंदिरा गांधी आणि संजय गांधी यांच्यावरील टांगती तलवार तीच. ती काढावी, ही पाठिंब्यामागची खरी अपेक्षा होती. चरणसिंह यांनी ती पुरी केली नाही. १९ ऑगस्टला इंदिरा काँग्रेसने पाठिंबा काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा आला.

सत्तेसाठी चरणसिंह यांनी ज्यांना अटक केली त्यांच्याच पाठिंब्याने पंतप्रधानपद घेतले, ही टीका रास्तच आहे. मात्र ते पद टिकवण्यासाठी मागितलेली किंमत त्यांनी दिली नाही, हेही तितकेच खरे आहे. पहिली गोष्ट सगळे सांगतात, दुसरी क्वचितच कुणी सांगते.

राष्ट्रपतींचा निर्णय वादग्रस्त का ठरला?

राजीनामा देताना चरणसिंह यांच्या मंत्रिमंडळाने लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला. दरम्यान जनता पक्षाने मोरारजींच्या जागी जगजीवन राम यांना नेता निवडले होते आणि त्यांनी सरकार स्थापनेचा दावा केला होता. २२ ऑगस्टच्या सकाळी जगजीवन राम आणि पक्षाध्यक्ष चंद्रशेखर राष्ट्रपतींना भेटले. आपल्याला संधी मिळेल, अशा समजुतीत ते बाहेर पडले. काही तासांतच लोकसभा विसर्जित झाल्याची घोषणा झाली.

प्रश्न असा होता की ज्या सरकारने लोकसभेचा विश्वास कधीच मिळवला नाही, त्याचा लोकसभा विसर्जनाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असतो का? मंत्रिमंडळाचा सल्ला मानणे राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे, असे घटनेत स्पष्ट लिहिले गेले होते. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभाही ४४व्या घटनादुरुस्तीने नुकतीच मिळाली होती. राष्ट्रपतींनी ती वापरली नाही. जगजीवन राम यांना आजमावण्याची संधी द्यायला हवी होती, असे मानणाऱ्यांचे म्हणणे वजनदार आहे. कारण देशाला पहिला दलित पंतप्रधान मिळण्याची शक्यता त्या दुपारी संपली. उलट बाजूने, फाटाफुटीने पोखरलेल्या त्या सभागृहात कुणाचेच सरकार टिकले नसते, असा युक्तिवाद झाला.

याद्या मोजून बहुमत ठरवण्याच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली. बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९४च्या बोम्मई निकालात राज्यांबाबत ठामपणे सांगितले. बाहेरून पाठिंबा आणि मग तो काढणे, हा प्रयोग मात्र पुन्हा झाला. १९९०-९१ मध्ये त्याचा अनुभव घेणारे पंतप्रधान होते हेच चंद्रशेखर.

काळजीवाहू काळ

पुढचे जवळपास पाच महिने चरणसिंह काळजीवाहू पंतप्रधान होते. पाऊस फसलेला, महागाई भडकलेली. आणीबाणीत विनाचौकशी तुरुंगवास भोगलेल्या या नेत्याच्या सरकारने ऑक्टोबरमध्ये काळाबाजारवाल्यांना स्थानबद्ध करण्याचा वटहुकूम काढला. डिसेंबरअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तेव्हा चरणसिंह यांनी सोव्हिएत राजदूतांना नापसंती स्पष्ट कळवली. पुढच्याच महिन्यात आलेल्या सरकारचा सूर बराच मवाळ होता.

कांद्याच्या भावाने त्या निवडणुकीत इतका धुमाकूळ घातला की १९८०ची लोकसभा निवडणूक कांद्याची निवडणूक म्हणूनच ओळखली जाते. शेतमालाला भाव मिळावा म्हणून आयुष्यभर भांडलेल्या पंतप्रधानाविरुद्ध प्रचाराचा मुद्दा ठरला तो शेतमालाचा चढा भाव. इंदिरा काँग्रेसने ३५३ जागा जिंकल्या. चरणसिंह यांच्या पक्षाला ४१ मिळाल्या. मूळ जनता पक्षाच्या ३१ पेक्षा त्या जास्तच होत्या. बागपतची जागा त्यांनी राखली, १९८४च्या लाटेतही राखली.

यशवंतरावांना या सगळ्याची किंमत जास्त मोजावी लागली. सातारा त्यांनी राखला, पण दिल्लीतले त्यांचे स्थान गेले. १९८१ मध्ये ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. पुन्हा केंद्रात मंत्रिपद मिळाले नाही. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे काय?

१९८५च्या अखेरीस चरणसिंह यांना पक्षाघात झाला. २९ मे १९८७ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. समाधीस्थळाला ‘किसान घाट’ म्हणतात आणि २३ डिसेंबर हा दिवस ‘किसान दिन’ म्हणून पाळला जातो. अमेरिकेत संगणक क्षेत्रात काम करून परतलेले पुत्र अजितसिंह यांच्याकडे वारसा गेला आणि लोकदलाची शकले होत गेली. मुलायमसिंह यादव यांच्यासारखे नेते याच मुशीतून आले. १९९०मध्ये मंडल आयोगाच्या अंमलबजावणीतून उत्तरेत जे मागास आणि मध्यम जातींचे राजकारण उभे राहिले, त्याची पायाभरणी चरणसिंह यांनी छपरौलीतून पन्नास वर्षे आधी सुरू केली होती.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले. त्याच दिवशी पी. व्ही. नरसिंह राव आणि डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांचीही नावे होती. ३० मार्चला नातू जयंत चौधरी यांनी हा सन्मान स्वीकारला. त्याआधीच्या काही आठवड्यांत त्यांचा राष्ट्रीय लोकदल विरोधकांची आघाडी सोडून भाजपप्रणीत आघाडीत दाखल झाला होता.